भाकरी, चंद्र आणि चार य-गण

बीएस्सी करून तलाठी भरतीचा फॉर्म भरला, तेव्हा दहावीनंतर मराठी व्याकरणाचं पुस्तक मी उघडलंही नव्हतं. पेपर १०० प्रश्नांचा, त्यात मराठीचे २५. वृत्त (ओळीतल्या ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांचा ठरलेला क्रम) आणि अलंकार यांवर त्यातले मोजकेच येतात, पण मेरिट अशाच एकदोन प्रश्नांवर अडतं. अभ्यासिकेतली पोरं हा भाग सरळ सोडून द्यायची. मीही सोडणार होतो.

आधी वृत्तांचे तक्ते पाठ केले. त्यात गण म्हणजे तीन अक्षरांचा गट, आणि शेवटचा 'ग' म्हणजे सुटं गुरू अक्षर. वसंततिलका : त, भ, ज, ज, ग, ग, अक्षरं १४. मालिनी : न, न, म, य, य, अक्षरं १५. आठवड्याभरात सगळ्याचा काला झाला. 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र तेवढं कामाचं निघालं. य-गण हवा तर 'यमाता' म्हणायचं : लघु (ऱ्हस्व), गुरू (दीर्घ), गुरू. भ-गण हवा तर 'भानस' : गुरू, लघु, लघु. आठही गण या एका शब्दात बसतात.

तरी ओळ समोर आली की चुकायचो. एका रात्री 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा' घेऊन बसलो. पहिले दोन गण य आले, तिसरा स. पुन्हा केलं, पुन्हा स. आजी शेजारीच वाती वळत होती. म्हणाली, "अरे, मोजत काय बसलास, म्हण की!" आणि तिनेच म्हटलं. 'सर्वां' म्हणताना 'स'वर तिचा आवाज चांगला दाबून पडला, आणि माझी चूक कळली. 'स' दिसायला ऱ्हस्व, पण पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो, म्हणून तो गुरू. मग चारही गण य निघाले, अक्षरं १२ : भुजंगप्रयात वृत्त. मनाचे श्लोक लहानपणापासून तिच्या तोंडून ऐकत होतो, पण ते याच वृत्तात आहेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

उलट 'तुझ्या'त जोडाक्षर आहे, पण 'तु'वर आघात येत नाही, म्हणून 'तु' लघुच राहतो. नुसतं डोळ्यांनी वाचणारा इथे हमखास फसतो.

अभंगाला तर लघु-गुरू लागतही नाहीत, नुसती अक्षरं मोजायची. 'सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया' : सहा, सहा, सहा, चार. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात.

अलंकारांसाठी पुस्तकातली उदाहरणं बाजूला ठेवली आणि एकच भाकरी सगळ्यांतून फिरवली. भाकरी चंद्रासारखी गोल : उपमा. भाकरी उपमेय, म्हणजे जिची तुलना करायची ती; चंद्र उपमान, म्हणजे ज्याच्याशी करायची तो. भाकरी जणू चंद्रच : उत्प्रेक्षा. ताटातला भाकरीचंद्र : रूपक, दोघांत भेदच उरला नाही. ही भाकरी नव्हे, चंद्रच : अपन्हुती, उपमेय चक्क नाकारलं. चंद्रावर डाग, भाकरी त्याहून देखणी : व्यतिरेक. आणि आईच्या भाकरीसारखी आईचीच भाकरी : अनन्वय. हे सगळं वहीच्या एका पानावर मावलं, आणि ते पान मला पुन्हा उघडावं लागलं नाही.

घोळ झाला तो 'की'मुळे. 'जणू, गमे, वाटे, भासे, की' ही उत्प्रेक्षेची खूण म्हणून घोकली होती. पण 'हा चंद्र की भाकरी?' यात मनाची नुसती दोलायमान अवस्था आहे, हा ससंदेह. आणि भुकेल्याने भाकरी समजून खरंच चंद्राकडे हात केला, तर भ्रांतिमान. खुणेच्या शब्दावर विसंबून सराव पेपरात तीन मार्क घालवले, तेव्हा कुठे हा फरक डोक्यात बसला.

परीक्षेत गण पाडायची ओळ आली तेव्हा ती आधी ओठांतल्या ओठांत म्हटली. पर्यवेक्षक दोनदा वळून गेले.

पेपरनंतर पंधरा दिवसांनी मामेबहिणीचं लग्न होतं. भटजींनी 'स्वस्ति श्री गणनायकं गजमुखं' सुरू केलं आणि माझी बोटं आपोआप चालू लागली. म, स, ज, स... बारा अक्षरांवर भटजी थांबले, म्हणजे यती. पुढे सात, एकूण १९. शार्दूलविक्रीडित! 'सावधान'ला सगळ्यांनी अक्षता टाकल्या, माझ्या मात्र मुठीतच राहिल्या. मामी अजून चिडवते.