कणकेपासून अल्जिनेटपर्यंत: आमची वाटचाल

तान्ह्या बाळाच्या पावलाचा ठसा घरीच घेता यावा म्हणून आम्ही संच बनवतो. त्यातली प्रत्येक पुडी कुठल्या ना कुठल्या फसलेल्या ठशामुळे आली आहे.

सुरुवात कणकेच्या गोळ्याने झाली. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाऊण वाटी पाणी. गोळा दोन बोटं जाड थापायचा, पाऊल दाबायचं आणि खळग्यात प्लास्टर ओतायचं. पण तळव्याच्या पुढच्या भागाला दाब लागला की तान्ह्या मुलाची बोटं आपोआप मिटतात आणि ठशात बोटांच्या जागी नुसता गोळा दिसतो. त्यातून मीठ प्लास्टरला घाईने आवळायला लावतं. तळव्यावरच्या बारीक रेषा तर कणीक उचलतच नाही.

मग आम्ही दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात ते अल्जिनेट घेतलं. ते समुद्री शेवाळापासून बनतं. पाण्याचं प्रमाण पुडीवर असतं, ते पाळावं. खरा घोळ पाण्याच्या तापमानाचा आहे: पाणी जितकं कोमट तितकं अल्जिनेट लवकर जमतं. मे महिन्यात नळाच्या पाण्यात कालवलं तर पाऊल आत जाण्याआधीच गोळा होतो. अशा वेळी माठातलं पाणी घ्यावं. भांड्याच्या कडेला रगडत पाऊण मिनिटात गुठळ्या मोडाव्यात आणि झोपलेल्या बाळाचं पाऊल घोट्यापर्यंत बुडवावं. बोटांच्या बेचक्यांत हवा अडकते, म्हणून पाऊल आत गेल्यावर जरासं हलवावं, मग मात्र जमेपर्यंत धरून ठेवावं. बाहेर काढताना ओढू नये. घोट्याशी थोडी फट पडून हवा आत शिरली की पाऊल अलगद सुटतं.

पाऊल निघाल्यावर उरलेला खळगा हाच साचा. तो अर्ध्या तासात प्लास्टरने भरावा. अल्जिनेट पाणी सोडतं आणि आक्रसतं.

साध्या प्लास्टर ऑफ पॅरिसला 100 ग्रॅमला साधारण 60 मिली पाणी लागतं. पातळ केलं की ओतायला सोपं, पण सुकल्यावर सच्छिद्र आणि ठिसूळ होतं. पहिली मोडते ती करंगळी. त्या करंगळीपायीच आम्ही डेंटल स्टोनवर, म्हणजे दातांचे डॉक्टर वापरतात त्या जास्त कडक प्लास्टरवर गेलो. महाग आहे, पण 100 ग्रॅमला 30 मिलीच्या आसपास पाणी पुरतं आणि कडक होतं. पाण्यात भुकटी भुरभुरावी, भुकटीवर पाणी ओतू नये. मिनिटभर मुरू द्यावं, फेटू नये. आधी चमचाभरच बोटांच्या टोकांशी उतरवून साचा ठोकावा, मग बाकीचं. सगळं एकदम ओतलं की अंगठ्याला भोक पडलंच म्हणून समजा.

पाऊल थेट प्लास्टरमध्ये कधीही घालू नये. घट्ट होताना प्लास्टर इतकं तापतं की कातडी भाजते. 2007 साली इंग्लंडमधल्या एका शाळेत हात थेट प्लास्टरमध्ये घातलेल्या मुलीची बोटं गेली.

गरम झालेला साचा पूर्ण गार झाला की अल्जिनेट सोलावं. उन्हाळ्यात आठवडाभर, पावसाळ्यात पंधरा दिवस सावलीत वाळवावं. ओलं असताना रंगवलं तर पापुद्रे सुटतात. उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये नको, नळी कायमची बुजते. वर्तमानपत्रावर थापून कचऱ्यात टाकावं.

गणपतीच्या कारखान्यातून सुटं आणलेलं प्लास्टर असेल तर आधी चमचाभर कालवून पाहावं. अर्ध्या तासातही नीट घट्ट होत नसेल तर त्याने दमट हवा खाल्लेली आहे, ते वापरू नये.