ऑर्मंड बीचवरचा वाफेचा मैल

मुलीकडे अमेरिकेत आलेल्या आईबापांचा कार्यक्रम ठरलेला असतो. मुक्काम फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत असेल तर डिस्ने, केनेडी स्पेस सेंटर, आउटलेट मॉल आणि शनिवारी कुणाकडे तरी पॉटलक. हे सगळं इमानेइतबारे उरकल्यावर जावईबापूंनी विचारलं, "बाबा, तुम्हाला स्वतःला काही बघायचंय का?" मी तयारच होतो. म्हटलं, ऑर्मंड बीच. "तिथे काय आहे?" मुलीचा प्रश्न. "आता फारसं काही नाही. पण १९०६ साली तिथे वाफेवरची मोटार ताशी दोनशे किलोमीटरच्या वर पळाली होती."

माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये गेली. दसऱ्याच्या आगेमागे अग्निप्रदीपन व्हायचं, चेअरमनसाहेब नारळ फोडायचे, भाषणं व्हायची आणि मग गळीत हंगाम संपेपर्यंत आम्ही आणि तो बॉयलर. त्यामुळे वाफ म्हटलं की मला धुराडं, बगॅस म्हणजे उसाचा चोथा आणि चार मजली पसारा दिसतो. तोच प्रकार कुणीतरी लाकडी होडीत घालून किनाऱ्यावर पळवला, हे वाचल्यापासून ती जागा डोक्यात बसली होती.

आय-४ वरून आय-९५ ला लागायचं आणि उत्तरेला ग्रॅनडा बुलेव्हार्डच्या फाट्याला उतरायचं. रस्ता सरळ पूर्वेला जातो, हॅलिफॅक्स नदीचा पूल ओलांडतो आणि समुद्रावर जाऊन थांबतो. पुलापलीकडे तेलसम्राट रॉकफेलरचं हिवाळी घर आहे, 'द केसमेंट्स'. हा गृहस्थ इथेच १९३७ साली वारला. त्याच्या समोर पूर्वी ऑर्मंड हॉटेल होतं, १८८८ सालचं, अवाढव्य, सगळं लाकडी. रेल्वेवाल्या हेन्री फ्लॅगलरने ते विकत घेऊन वाढवलं आणि उत्तरेतले धनिक थंडीत इथे येऊ लागले. येताना मोटारी आणू लागले. मोटारी आल्या की शर्यत आलीच. १९०३ पासून इथल्या वाळूवर घड्याळ लावून गाड्या पळू लागल्या. १९९२ साली हॉटेल पाडलं. त्याचा घुमट तेवढा पुलाजवळच्या बागेत उतरवून ठेवलाय. त्याच्यापाशी फार रेंगाळण्यात अर्थ नाही.

रस्ता संपतो तिथे 'बर्थप्लेस ऑफ स्पीड पार्क' नावाची छोटीशी बाग आहे. नाव केवढं आणि बाग केवढी! तिथली माहिती वाचायला फार वेळ लागत नाही. मी मात्र नातीला कट्ट्यावर बसवून पाट्यांवर नसलेलंही सगळं सांगितलं.

फ्रान्सिस आणि फ्रीलन स्टॅन्ली हे मेन राज्यातल्या किंगफील्डचे जुळे भाऊ, जन्म १८४९. आधी फोटोच्या काचा बनवायच्या धंद्यात पैसा केला, मग १८९७ मध्ये पहिली वाफेची मोटार केली. त्यांचा बॉयलर मला फार आवडतो. आपल्याकडे न्हाणीघरात तांब्याचा बंब असायचा ना, मध्ये नळकांडं, त्यात विस्तव आणि भोवती पाणी, तीच ही कल्पना. फक्त मध्ये एक नळकांडं नाही, शेकडो बारीक ट्यूब, आणि विस्तवाच्या जागी खालून पेट्रोलचा बर्नर. प्रेशरने शेल, म्हणजे बाहेरचं कवच, फाटू नये म्हणून बाहेरून पियानोची पोलादी तार थरावर थर घट्ट गुंडाळलेली. जाड पत्रा वापरला असता तर वजन वाढलं असतं. वायर गुंडाळून वजन वाचवणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

विक्रमासाठी केलेल्या गाडीला लोक 'रॉकेट' म्हणत. अंगकाठी एका होड्या बांधणाऱ्याकडून करून घेतलेली, पालथी घातलेली लाकडी कनू म्हणा ना. दोन सिलिंडरचं इंजिन थेट मागच्या आसाला जोडलेलं. गिअर नाही, क्लच नाही. बॉयलरमध्ये प्रेशर चौरस इंचाला हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे आमच्या भाषेत सत्तर किलो, चौरस सेंटिमीटरला. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या कारखान्याचा बॉयलर एकवीस किलोवर चालायचा, आणि त्याच्याशीही आम्ही अदबीने वागायचो! इथे त्याच्या तिप्पट प्रेशर ड्रायव्हरच्या पाठीशी, वर कॅनव्हास आणि लाकूड. ड्रायव्हर फ्रेड मॅरियट हा स्टॅन्लींच्या कारखान्यातला दुरुस्ती विभागाचा प्रमुख. कुणी नावाजलेला रेसर नव्हे, मेंटेनन्सचा माणूस. २६ जानेवारी १९०६ रोजी त्याने इथे एक मैल २८.२ सेकंदांत तोडला. ताशी १२७.६५९ मैल, म्हणजे २०५ किलोमीटर.

"आजोबा, म्हणजे आपल्या गाडीपेक्षा फास्ट?" नातीने विचारलं. बाबाच्या गाडीपेक्षा फास्टच, म्हटलं, कारण तुझी आई त्याला हायवेवर सत्तर मैलांच्या वर जाऊ देत नाही.

या किनाऱ्यावर आजही गाडी नेता येते. पैसे भरायचे, रँपवरून उतरायचं, काचा खाली, दिवे चालू. वेगमर्यादा ताशी दहा मैल! मॅरियटच्या किनाऱ्यावर दहा मैल! भरती असली की रँप बंद ठेवतात, म्हणून आम्हाला ओहोटीची वाट बघत सँडविचं खावी लागली. खाली उतरल्यावर मी आधी गाडीतून उतरलो आणि टाच मारून पाहिली. टाच रुतली नाही. वाळू बारीक, पाणी प्यायलेली, दाबून बसवल्यासारखी. आमच्या एसयूव्हीच्या टायरची नक्षी तिच्यावर स्पष्ट उठली होती, पण खोली नखाएवढीसुद्धा नव्हती. पाण्याच्या रेषेकडे गेलं की मात्र लाटांनी पाडलेल्या बारीक वळ्या लागतात. अनवाणी चाललं की तळव्याला कळतात.

ताशी दहा मैलांनी एक मैल म्हणजे सहा मिनिटं. जावईबापूंनी ओडोमीटरवर मैल धरला, मी घड्याळ. सीगल पुढे उडत होते, एक आजीबाई चालत चालत आमच्या बरोबरीने येत होत्या, आइसक्रीमची गाडी आडवी आली, तिला वाट दिली. मैल पुरा व्हायला सहा मिनिटांच्या वरच लागली. तेवढ्या वेळात मॅरियटचे बारा मैल झाले असते. अर्थात, एवढी वाफ त्याच्या बॉयलरने सलग दिली नसती, आणि ते सांगायला हवं. असा बॉयलर म्हणजे गरम पाण्याचा साठा. प्रेशर चढवून ठेवायचं आणि मैलभरात उधळून टाकायचं. पाच मैल त्याच वेगाने पळ म्हटलं असतं तर प्रेशर केव्हाच खाली आलं असतं. मैलाच्या शर्यतीला याहून सोयीचं यंत्र नाही, आणि रोज ऑफिसला न्यायला याहून गैरसोयीचं नाही. थंड गाडी पेटवून निघायलाच अर्धा तास जायचा. पुढे पेट्रोलच्या गाडीला बटणाचा स्टार्टर आला आणि गिऱ्हाइकाने मुकाट्याने बटण दाबलं. १९२४ मध्ये स्टॅन्लींच्या गाड्या बंद पडल्या.

पुढच्या वर्षी, जानेवारी १९०७ मध्ये, मॅरियट पुन्हा इथेच आला. प्रेशर आणखी वाढवलेलं. वेग किती होता यावर मतं आहेत, अधिकृत नोंद नाही. वाळूतल्या याच वळ्यांवर गाडीचं नाक उचललं गेलं, तळ सपाट असल्याने वारा खाली शिरला आणि गाडी हवेत जाऊन आपटली, तुकडे झाले. बॉयलर सुटून वाफ सोडत किनाऱ्यावर गडगडत गेला. फुटला नाही, हे महत्त्वाचं. मॅरियटच्या बरगड्या मोडल्या, चेहरा फाटला, पण माणूस वाचला आणि १९५६ पर्यंत जगला. स्टॅन्ली बंधूंनी मात्र विक्रमांचा नाद तिथेच सोडला. माझ्या मते दोष वाफेचा नव्हताच. गाडीखाली शिरणाऱ्या हवेचं काय करायचं हे तेव्हा कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

सर्व मोटारींमधला सर्वांत वेगवान हा मॅरियटचा मान १९१० मध्ये बार्नी ओल्डफील्डने याच वाळूवर पेट्रोलची बेंझ पळवून घेतला. वाफेचा विक्रम मात्र तब्बल १०३ वर्षं राहिला. मधे १९८५ मध्ये बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर एक अमेरिकन गाडी १४५ मैलांवर गेली, पण एफआयए या जागतिक मोटार महासंघाच्या वहीत ती चढली नाही. वहीत बदल झाला तो २५ ऑगस्ट २००९ रोजी, कॅलिफोर्नियात मोहावी वाळवंटातल्या एडवर्ड्स हवाई तळावर. ब्रिटिशांची 'इन्स्पिरेशन' ही गाडी, ड्रायव्हर चार्ल्स बर्नेट तिसरा, मैलाची सरासरी ताशी १३९.८४३ मैल. दुसऱ्या दिवशी डॉन वेल्सने तीच गाडी किलोमीटरभर अंतरावर ताशी १४८.३०८ मैलांच्या सरासरीने नेली.

आता तिची रचना बघा. लांबी साडेसात मीटरच्या वर, वजन तीन टन, बारा बॉयलर, त्यांत मिळून जवळजवळ तीन किलोमीटर ट्यूब, एलपीजीचे बर्नर, तीन मेगावॅट उष्णता, ४०० अंशांची वाफ आणि ती टर्बाइनवर. इथे पाणी ट्यूबच्या आत आणि आग बाहेर, म्हणजे स्टॅन्लींच्या नेमकं उलट. साठा काही नाही, जेवढं पाणी आत ढकलाल तेवढी वाफ तत्क्षणी. आमच्या लाइनचा माणूस ऐकूनच घाम पुसेल, कारण पाणी ढकलणारा फीड पंप क्षणभर अडखळला तर ट्यूब गेली समजा. कौतुक आहेच. शिवाय आता दोन्ही दिशांनी तासाभरात धावून सरासरी द्यावी लागते, मॅरियटला तो जाच नव्हता. तरीही एवढा खटाटोप करून मैलावर वाढले किती, तर ताशी बारा मैल. बॉयलरवाला म्हणून माझं मत होडीवाल्या स्टॅन्लींना.

डॉन वेल्स कोण, तर वेगाचे विक्रम करणाऱ्या सर माल्कम कॅम्पबेलचा नातू. आणि कॅम्पबेलची 'ब्लूबर्ड' आमच्या वाटेवरच होती! किनाऱ्यावरून डेटोनाला पोचलो की स्पीडवेच्या आवारात मोटरस्पोर्ट्स हॉल ऑफ फेमचं संग्रहालय आहे, तिथे ती निळी गाडी उभी आहे. रोल्स-रॉइसचं विमानाचं बारा सिलिंडरचं इंजिन, मागे दुहेरी चाकं. ७ मार्च १९३५ रोजी या कॅम्पबेल आजोबांनी इथल्या वाळूवर ताशी २७६.८२ मैलांचा वेग गाठला. त्यानंतर त्यांनाही ही वाळू पुरेना, म्हणून ते बॉनव्हिलला गेले आणि इथला वेगाच्या जागतिक विक्रमांचा जमाना संपला. मी ब्लूबर्डच्या नाकाशी बराच वेळ वाकून उभा होतो. जावईबापूंनी फोटो काढले, ते सगळे माझ्या पाठीचे आलेत.

कुणाला जायचं असेल तर आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, नाहीतर रँपवरून परत यावं लागेल. कासवांच्या अंडी घालण्याच्या हंगामात, मे ते ऑक्टोबर, गाड्यांना सकाळी आठच्या आत सोडत नाहीत. खाऱ्या पाण्यातून गाडी नेऊ नका आणि घरी आल्यावर खालून धुऊन घ्या. आमची धुवायची अजून राहिली आहे, मुलीने त्यावरून दोनदा सुनावलंय.