अश्दोदहून : नऊ झालेत, एक कमी

ठाण्याला फोन केला की आत्याचं एक वाक्य ठरलेलं: "तुझं बरंय बाई, पोरांना धर्म शिकवायची कटकटच नाही. तिथं सगळं आयतं."

इथे इस्राएलमध्ये, अश्दोद शहरात, आयतं आहे, हे खरं. शनिवारी शाळा बंद, ऑफिसं बंद, बहुतेक बसही बंद. पेसाख, म्हणजे बिनखमिराच्या भाकरीचा सण, जवळ आला की सुपरमार्केटवाले पावाच्या आणि पिठाच्या फळ्या प्लास्टिकने झाकून टाकतात. आपण काही लक्षात ठेवायलाच नको. तनाख, म्हणजे हिब्रू बायबल, तर इथे साध्या सरकारी शाळेतही गणित-इतिहासासारखा विषय आहे, त्याची परीक्षा असते, त्यात मुलं कमी मार्क आणतात आणि आया ओरडतात. माझा मुलगा एस्तेरचं पुस्तक वर्तमानपत्र वाचावं तसं वाचतो. आम्ही ठाण्यात तेच पुस्तक सुरात म्हणायचो, पण निम्मं कळायचं नाही. तरीही सांगते, माझ्या आईला जेवढी कटकट नव्हती तेवढी मला आहे.

ज्यांना आमची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचा आमचा वंश, अशी घरोघरी सांगत आलेली गोष्ट. कोकणात तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे. आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, नवगावकर, झिराडकर. पुढे मुंबई, पलटण, रेल्वे, सरकारी नोकऱ्या, आणि १९४८नंतर बरेचसे इस्राएल. २०११च्या जनगणनेत अख्ख्या भारतात ज्यू पाच हजारही भरले नाहीत. इथे भारतीय मुळाचे लोक मात्र ऐंशी हजारांच्या आसपास धरतात.

ठाण्यातलं आमचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, ते टेंभी नाक्याजवळचं शआर हाशामायिम, १८७९ सालचं. आम्ही चरईत राहायचो. आजी त्याला शेवटपर्यंत 'मशीद'च म्हणायची; मुंबईत सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ साली बांधलेलं पहिलं सिनेगॉग तर अजूनही 'जुनी मशीद'. शेजारच्या काकूंना यात कधी काही विचित्र वाटलं नाही. "आज मशिदीत का?" असं विचारून त्या आमच्या घराची किल्ली ठेवून घ्यायच्या.

आता मुद्द्याचं. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेरा वर्षांवरचे. ते दहा म्हणजे मिनियान. मिनियान नसेल तर सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढून वाचता येत नाही, आणि गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, कद्दीश, तीही म्हणता येत नाही. शनिवारी, सणावारी माणसं भरपूर. पंचाईत व्हायची आडवारी, कुणाचा वर्षदिन आला की. आदल्या रात्री फोन फिरायचे: "उद्या सकाळी पपांचा कद्दीश आहे. नक्की या हां, नाश्ता तिथंच." तरी सकाळी कुणाला ताप यायचा, कुणाची फर्स्ट शिफ्ट लागायची. मग घरचा फोन वाजे आणि पलीकडून नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट: "नऊ झालेत, एक कमी."

की लगेच पळापळ. पपा घरी असले तर शर्ट चढवत निघायचे. नसले तर मी खालच्या मजल्यावरच्या मामांना उठवायला. मामा दाढी अर्धवट ठेवून, कानामागे साबण तसाच, रिक्षात बसलेले मी पाहिलेत. त्यांना धर्माची फार ओढ होती अशातला भाग नाही. शनिवारी ते बिनदिक्कत मॅच बघायचे. पण 'एक कमी' म्हटल्यावर न जाणं त्यांना जमायचं नाही, कारण उद्या आपल्या आईच्या कद्दीशला हेच नऊ जण लागणार.

मुलींना त्या दहांत धरत नाहीत. मला तेव्हाही याचा राग यायचा, आजही येतो, आणि इथे आमच्या प्रकारच्या सिनेगॉगमध्येही तेच आहे. धावायचं आम्ही, मोजायचं त्यांना. असो, तो वेगळ्या पोस्टचा विषय.

आमच्यात रब्बी, म्हणजे धर्मगुरू, असे नव्हतेच. प्रार्थना चालवायला हझान, आणि बाकीचं ज्ञान वाटून घेतलेलं: एकाला तोरा सुरात वाचता येतो, दुसऱ्याला शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, नीट फुंकता येतो, तिसऱ्याला मयताचे विधी पाठ. एखादा माणूस वारला की त्याच्याबरोबर एक खातंच बंद पडायचं, मग दोन महिने चर्चा, आता हे कोण शिकून घेणार.

आम्हा मुलांना शिकवायचे ते रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका. रविवारी सकाळी त्यांच्या घरी सतरंजीवर बसायचं. एका ओळीतला एक शब्द जरी चुकला तरी ओळ पहिल्यापासून. वहीत डाव्या पानावर हिब्रू, उजव्या पानावर तेच देवनागरीत, कारण निम्म्या मुलांच्या आयांना हिब्रू अक्षरं येत नव्हती आणि घरी सराव त्याच घ्यायच्या. अर्थ विचारला तर काका कधी सांगायचे, कधी म्हणायचे, "पुढच्या रविवारी." मग आठवडाभर मुंबईच्या कुणाकुणाला विचारून यायचे. मला त्यांचं हे फार आवडायचं. आपल्याला येत नाही हे पोरांसमोर कबूल करणारी मोठी माणसं तेव्हा फार नव्हती.

अशा वह्यांची परंपराही जुनीच. १८३२ साली जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. त्यांचा हेतू वेगळा होता हे उघड आहे. आमच्या लोकांनी व्याकरण ठेवून घेतलं आणि बाप्तिस्मा साभार परत केला. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हग्गादामध्ये, म्हणजे पेसाखच्या रात्री वाचायच्या पुस्तकात, तर मात्झा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, करणाऱ्या बायका लुगडं नेसून जमिनीवर बसलेल्या दाखवल्यात. अगदी आमच्या आजीचं स्वयंपाकघर.

आणि खरं सांगायचं तर वर्गापेक्षा जास्त शिक्षण स्वयंपाकघरातच झालं. बिरड्याचा सण आला की, म्हणजे आब महिन्याची नववी, येरुशलेमचं मंदिर पडलं तो दुखवट्याचा दिवस, आदल्या संध्याकाळी मोड आलेले वाल कोमट पाण्यात घेऊन सगळ्या बायका सोलायला बसायच्या. वाल दोन बोटांत दाबला की साल हातात राहतं आणि डाळिंबी टुणकन पातेल्यात. बाहेर पाऊस, आत आजी सांगतेय: पहिलं मंदिर बाबेलच्या राजाने जाळलं, दुसरं रोमने. "दोन्ही नवव्यालाच बरं का." मग रात्री सिनेगॉगमध्ये सगळे जमिनीवर बसून एखा, म्हणजे विलापगीतं, वाचायचे तेव्हा ते कशाबद्दल आहे हे आम्हाला ठाऊक असायचं.

दुसरं पाठ्यपुस्तक म्हणजे मालिद्याचं ताट. घर घेतलं, नोकरी लागली, लग्न ठरलं, दुखण्यातून उठलं की एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, त्याच्या नावाने मालिदा. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, बदाम-पिस्ते, भोवती फळं, गुलाब आणि सब्ज्याची डहाळी. प्रत्येक वस्तू उचलायची ती तिच्या बराखासकट, म्हणजे खाण्याआधी म्हणायच्या आशीर्वचनासकट. खजूर आधी, कारण तो झाडाचा, शिवाय इस्राएल देशाच्या सात पिकांतला. केळ्याला मात्र झाडाच्या फळाचा बराखा चालत नाही, जमिनीच्या पिकाचा म्हणायचा, कारण केळीला खरं खोड नसतं, घड काढला की ती संपते. पोह्यांना तिसराच. सब्जा नाकाशी धरून सुवासाचा चौथा. सहा वर्षांच्या पोरालाही हे पाठ, कारण बराखा चुकला की आजूबाजूच्या चार मावश्या एकदम ओरडायच्या, आणि हात ताटापासून मागे घ्यावा लागायचा.

पंचांगाचीही गंमत. आमचे महिने चांद्र, तुमचेही चांद्र, दोघेही मधूनमधून अधिक महिना घालणार. त्यामुळे बऱ्याच वर्षी रोश हाशाना, म्हणजे आमचं नवं वर्ष, आणि घटस्थापना हातात हात घालून येतात. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी योम किप्पूर, म्हणजे क्षमा मागायचा उपासाचा दिवस, बरोबर दसऱ्याला आला. आमचं सिनेगॉग टेंभी नाक्यापाशी, आणि टेंभी नाक्याची देवी म्हणजे अख्खं ठाणं तिथे लोटणार. लहानपणी अशा वर्षी आत पांढरे कपडे घालून, पंचवीस तासांचा निर्जळी उपास धरून आम्ही क्षमा मागत असायचो आणि बाहेर ताशे. कुणी चिडायचं नाही. हझान आवाज वाढवायचे, एवढंच. अश्दोदला योम किप्पूरला रस्त्यावर एक गाडी नसते. पोरं मधोमध सायकली फिरवतात, उपास न करणारीसुद्धा. पहिल्यांदा ती शांतता पाहून मी भारावले होते. हल्ली मला त्या शांततेत जरा चुकल्यासारखं होतं. आजूबाजूला काहीच चालू नसलं की आपण वेगळं काही करतोय असं वाटतच नाही.

कटकट आहे ती इथे. आमच्या घरापासून चालत जाता येतील अशी सिनेगॉगं किती आहेत मी मोजलेली नाहीत. मोरोक्कन, जॉर्जियन, फ्रेंच बोलणाऱ्यांचं, अजून कुणाकुणाचं. मिनियान कुठेही, कधीही मिळतं. त्यामुळे नवऱ्याला कुणाचाही फोन येत नाही. गेला तर बरं, नाही गेला तर कुणाला पत्ता नाही. आणि तो जात नाही. ठाण्यात असता तर मामांसारखा अर्धी दाढी करून धावला असता, याची मला खात्री आहे.

भारतीयांचं सिनेगॉग जरा लांब, शब्बाथला, म्हणजे शनिवारी, गाडी नाही, म्हणून उन्हात चालत जावं लागतं. तिथे म्हातारी मंडळी जास्त. प्रार्थनेनंतर अर्ध्या मराठी अर्ध्या हिब्रूत गुडघेदुखीपासून भारताच्या मॅचपर्यंत सगळं. माझी पोरं तिथे कंटाळतात, कारण त्यांचे मित्र मोरोक्कन सिनेगॉगमध्ये. मुलाची बार मित्झवा, म्हणजे तेराव्या वर्षी पहिल्यांदा तोरा वाचायचा समारंभ, पुढच्या वर्षी. त्याचे शिक्षक मोरोक्कन, फार प्रेमळ माणूस, पण ते तोरा त्यांच्या चालीत शिकवतात. सासरे म्हणतात, "आपल्या चालीत वाचला नाही तर मी पुढे बसणार नाही." मुलगा म्हणतो, "सबा (आजोबा), शब्द तेच आहेत ना?" दोघांचंही खरं आहे, म्हणून जेवणं गार होतात.

सासऱ्यांचा हट्ट नुसता हट्ट नाही. ते १९६०च्या दशकात लहानपणी दक्षिण इस्राएलमधल्या दिमोनाला आले. तेव्हा इथल्या मुख्य रब्बींनी बेने इस्राएलांच्या लग्नांआधी पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी करायचा नियम काढला होता. आमच्या लोकांनी निदर्शनं केली, धरणं धरलं. १९६४ साली इस्राएलच्या संसदेने हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत असं ठणकावून सांगितलं, तेव्हा रब्बींनी नियम बदलला. कागदावरचं मिटलं. पण सासूबाई सांगतात, त्यांच्या वडिलांच्या घरी पुढेही बरीच वर्षं मालिदा दार लावून होई. शेजाऱ्यांना पोहे-खोबरं दिसलं तर हे कुठलं ज्यूपण, असं म्हणतील ही धास्ती. ज्यांनी नवगावपासून ठाण्यापर्यंत कधी दार लावलं नाही, त्यांनी इथे येऊन लावलं. मला हे ऐकून झोप लागली नव्हती.

म्हणून आम्ही काही बायकांनी आता मंगळवारी संध्याकाळी आमच्या घरी वर्ग सुरू केलाय. हिब्रू शिकवायची गरजच नाही, उलट आमचे उच्चार मुलं सुधारतात आणि खिदळतात. शिकवायचं ते बाकीचं: आपल्या चाली, मालिद्याचं ताट, चिकाचा हलवा किती वेळ घोटायचा, अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनाबीच्या घोड्याच्या टापांच्या खुणा कुठे आहेत. मागच्या वेळी ताट मांडलं तर एका मुलीने केळ्याचा बराखा बरोबर म्हटला आणि वर कारणही सांगितलं, शाळेत शिकवलं होतं म्हणे. मी खजील नाही, खूश झाले. पोहे इथे भारतीय दुकानात मिळतात, खोबरं फ्रीजरमधलं. सब्ज्याला मात्र पर्याय म्हणून कुणी रोझमेरी आणली, आणि त्यावरून दोन मावश्यांचं अजून बोलणं बंद आहे.

चालींचं अडलंय. आमच्यापैकी कुणालाच सगळ्या प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत येत नाहीत. काका तर गेले, आणि त्यांची वही कुणाकडे आहे ते त्यांच्या मुलालाही माहीत नाही. तेव्हा ठाण्यात, कल्याणला, नवी मुंबईत कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, आजीच्या कपाटात अशी वही असेल, डावीकडे हिब्रू आणि उजवीकडे देवनागरी, तर फोटो काढून पाठवा. पानाची कडा कापू नका. चालीच्या खुणा बहुतेक समासातच असतात. आणि ज्यांना एखादी चाल येते त्यांनी फोनवर म्हणून पाठवली तरी चालेल. सूर लागला नाही तरी हरकत नाही, फक्त शनिवारी पाठवू नका, सासरे ऐकणार नाहीत.