श्वास २२

नाइट ड्यूटी करून आलेय, पण डोळ्याला डोळा लागत नाहीये.

पहाटे तीनला एका आजींचे व्हायटल्स टॅबवर भरले. श्वास २२, नाडी ११२, ताप ३८.३ सेल्सिअस. सुटा सुटा पाहिला तर एकही आकडा घाबरवणारा नाही. कागदी चार्ट असता तर मीही "सकाळी राउंडला सांगू" म्हणत पुढच्या बेडकडे गेले असते. पण टॅबवरच्या न्यूज-२ स्कोअरने (श्वास, नाडी, ताप अशा प्रत्येक आकड्याला गुण देऊन धोका ओळखायची पद्धत) गुणांची बेरीज केली. दोन, दोन आणि एक. पाच! पाचला डॉक्टरांना तातडीने बोलवायचं, असा नियम. बोलावलं. न्यूमोनिया निघाला, अँटिबायोटिक लगेच सुरू झालं.

एरवी या टॅब-मॉनिटरसारख्या मशीनना मीच शिव्या घालते. बोटावरचा ऑक्सिजन मोजणारा प्रोब जरा निसटला की ठणाणा. इतके अलार्म वाजतात की खरा कुठला, हेच कळेनासं होतं. (१८५८ मध्ये क्रिमियाच्या युद्धातल्या मृत्यूंचे आकडे रंगीत आकृतीत मांडणाऱ्या नाइटिंगेलबाईंना निदान हे पिंग-पिंग नव्हतं!)

आणि एक गोष्ट. आमच्या वॉर्डात श्वास कुठलंच यंत्र मोजत नाही. छातीकडे बघत पूर्ण मिनिटभर उभं राहावं लागतं. घाईत सवयीने १८ टाकलं असतं, तर स्कोअर तीनवरच थांबला असता आणि टॅब गप्प.

सकाळी आजी विचारतायत, "पोरी, रात्री घड्याळ धरून काय बघत होतीस गं माझ्याकडे?"