हा आवाज मुंबईतही घडला होता

"हे सगळं तिकडचं, आपल्याकडे असलं कधी नव्हतंच," असे काल रात्री लोअर परळच्या एका क्लबमध्ये शेजारचा तरुण मित्राला ओरडून सांगत होता, आणि नेमकी त्याच वेळी मंचावरची कलावंत सिंथेसायझरची खुंटी सावकाश फिरवत बेसचा स्वर धारदार करत होती.

ते वाक्य मला अजून सलते आहे.

शिकागोतून ॲसिड हाउस, म्हणजे सिंथेसायझरच्या अशाच धारदार बेसवर चालणारे हे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत, १९८७च्या सुमारास जगभर पोहोचले, परंतु त्याआधी, १९८२मध्येच, हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या मुंबईच्या चरणजीत सिंग यांनी ॲसिड हाउसचा हा आवाज ज्यातून निघतो त्या रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ या बेस सिंथेसायझरवर आणि टीआर-८०८ या ड्रम मशीनवर भैरव, यमन असे राग डिस्कोच्या ठेक्यात बांधून ध्वनिमुद्रित केले होते. (यमन जरूर ऐकावा!) तेव्हा त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही.

त्या तरुणाला हे कोण सांगणार?