याचं काज कुठी हाय?

मागच्या श्रावणात ई-पीक पाहणी, म्हणजे सरकारी ॲपवर पिकाची नोंद, करायला वावरात गेलो होतो. २०२१ पासून हे काम ज्याचं त्यानंच करायचं असतं. धुऱ्यावर उभं राहा, फोनमध्ये गट नंबर टाका, उभ्या पिकाचा फोटो काढा. रेंज येत-जात होती आणि ॲपमधलं चक्र नुसतं फिरत होतं. कंटाळून खाली पाहिलं, तर चपलेशेजारी ओल्या मातीवर एक बटन पडलेलं. काळपट तपकिरी, चकचकीत, थंडीच्या कोटाला असतं तेवढं. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात, आमच्या वावरात, तेही श्रावणात, कोट घालून कोण आलं असेल, या विचारात उचलायला वाकलो. बटन जरासं उलगडलं आणि त्याला पाय दिसले.

वाणी होता. कुणी त्याला पैसाही म्हणतात. धक्का लागला की हा किडा स्वतःला गुंडाळून घेतो. डोकं मधोमध, पाय सगळे आत, बाहेर नुसती कड्याकड्यांची पाठ. नुकतं उगवलेलं सोयाबीन तो रातोरात कुरतडतो, त्यामुळे आमच्याकडे तो दिसला की टाच आपोआप पुढे होते. माझीही झाली असती, पण कॅमेरा उघडाच होता. पिकाआधी त्याचाच फोटो निघाला.

तेव्हापासून हे वेड लागलं. घरात, वावरात, एसटीत, जे जे बटनासारखं दिसेल त्याचा फोटो. मोरीतल्या आरशावर चिकटवून ठेवलेल्या टिकल्या. पुजेच्या ताटातले बत्तासे. हरभऱ्यावरचा मावा खात फिरणारा लाल ढालकिडा, पाठीवर सात काळे ठिपके. पहिल्या पावसानंतर वारुळावर उगवणाऱ्या सात्या, म्हणजे अळिंब्या, छत्री उघडायच्या आधीच्या. गुंज तर बनवलीच बटनासाठी असं वाटतं: लालभडक आणि एका टोकाला काळा डोळा. सोनाराकडे अशा ९६ गुंजांचा एक तोळा व्हायचा, पण बी विषारी, म्हणून लहानपणी हातात दिसली की आई पाठीत धपाटा घालायची. फोनमध्ये आज दोनशेवर बटनं आहेत. बायको म्हणते, "लोकं लेकरांचे फोटो काढतात, आन् तुमच्या फोनमंदी टिकल्या."

लहान वस्तूचा फोटो काढायचा म्हणजे जवळ जायचं, असं मला वाटायचं. चार बोटांच्या आत गेलं की माझा फोन हात टेकतो, समोर नुसतं धुकं. मग भाच्यानं एक युक्ती शिकवली. काडीच्या टोकानं लेन्सवर पाण्याचा थेंब ठेवायचा आणि फोन हळूच पालथा करायचा. थेंब चिकटून लोंबतो आणि भिंगाचं काम करतो. दहातल्या सात वेळा तो ओघळून जातो, आठव्या वेळी मात्र गुंजेचा काळा डोळा अख्ख्या पडद्यावर पसरतो आणि त्यात आपलीच टोपी दिसते. उजेडाचंही असंच. दुपारी बाराचा फोटो थापलेल्या भाकरीसारखा सपाट येतो. सकाळी आठच्या आत तिरपं ऊन असलं की शर्टाच्या बटनाच्या चार भोकांना चार सावल्या फुटतात. सावली फार काळी झाली तर जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू शेजारी धरायची. पत्रिकांची आमच्या घरी ददात नाही. वाऱ्यावर मात्र इलाज नाही, श्वास धरून पडून राहायचं.

असाच एकदा धुऱ्यावर पालथा पडलो होतो. समोर कंबरमोडीचं फूल होतं. विळा लागला की जिचा पाला चुरून जखमेवर लावतात, तीच ही एकदांडी. लांब देठावर पिवळी चकती, भोवती पाच फिक्या पाकळ्या, प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. ही मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, आणि इंग्रजीत तिचं नावच कोटाचं बटन असं आहे. म्हणजे कोट आला नसला तरी बटन कधीच येऊन पोचलं होतं. तेवढ्यात शेजारच्या वावरातून हाक आली.

"सर्व्हे हाय का जी? आमच्याबी वावराचा टाका."

पालथ्या पडलेल्या माणसाच्या हातात फोन म्हणजे नुकसानीचा पंचनामा, हे आमच्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही. मी बटनाचा फोटो काढतोय हे तोंडातून निघेना. उठलो, कपडे झटकले आणि त्यांच्या मागे गेलो. त्यांनी पाणी साचून पिवळं पडलेलं सोयाबीन एकेक ओळ दाखवलं. मी सगळ्याचे फोटो काढले. कुणाला पाठवणार होतो, देव जाणे. निघताना त्यांनी चहा पाजला. तो चहा अजून मला थोडा टोचतो.

आता आमच्या शिंपीकाकाजींबद्दल. गावच्या एसटी थांब्याजवळ लिंबाखाली त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे पायाची मशीन, एक स्टूल आणि वर टिनाचं छप्पर. सत्तरी ओलांडली आहे. मी मोठ्या कौतुकानं त्यांना फोन दाखवला. एकेक फोटो त्यांनी चष्मा वर-खाली करत पाहिला, शेवटी फोन परत दिला.

"साजरे हायेत. पन यातलं एकबी बटन नोहे."

"काहून काकाजी?"

"याचं काज कुठी हाय? गोल तं गवरीबी रायते. तिले सदऱ्याले लावतं का?"

मी गप्प. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. माझ्या शर्टाचं तिसरं बटन लोंबत होतं, ते त्यांनी चिमटीत धरून ओढलं आणि अख्खा टाका सुरसुर करत निघून आला. रेडीमेड कपड्याचं हे असंच असतं, मशीन एकाच दोऱ्याची साखळी विणते, टोक सापडलं की खेळ खल्लास. मग त्यांनी ते बटन परत लावून दाखवलं. कापड आणि बटन यांच्यामध्ये आगपेटीची एक काडी ठेवली, काडीवरून टाके घातले, काडी ओढून काढली, आणि बटनाखाली जी फट राहिली तिथं दोऱ्याचे चार वेढे देऊन गाठ मारली. बटन कापडावर झोपलं नाही, मान वर करून उभं राहिलं. "काजाची पट्टी याच्याखाली बसते ना बाप्पा. तिले जागा नोको?"

शर्टाचं बटन म्हणजे साडेअकरा मिलिमीटरचा जीव. व्यापारात त्याला अठरा लाइन म्हणतात, चाळीस लाइनचा एक इंच. त्या एवढ्याशा चकतीखाली दुसऱ्या पट्टीसाठी जागा राखलेली असते, हे एवढी वर्षं शर्ट घालून मला ठाऊक नव्हतं. कोशवाले सांगतात की जुना बुताम हा शब्द जसा पोर्तुगीजांकडून आला तसाच काजही, आणि त्यांच्या भाषेत कासा म्हणजे घर. गुंडी मात्र आपली. काकाजींना हे सांगितलं तर म्हणाले, "मंग? घराबिगर कसं?"

त्यानंतर माझा नाद बदलला. नुसतं गोल दिसून भागेना, ते कशाला लागून आहे ते पाहू लागलो. बरेच फोटो पुसून टाकले. टिकल्या गेल्या, बत्तासे गेले. (ढालकिडा ठेवला, तो उडायला लागला की पाठीची दोन झाकणं उघडतात आणि खालचे पंख बाहेर येतात, म्हणून.) टेंभराच्या, म्हणजे तेंदूच्या, फळाच्या बुडाशी चिकटलेली वाळक्या पाकळ्यांची चकती राहिली. आणि संत्र्याचं देठ. ते आधी कधी नीट पाहिलंच नव्हतं. आमच्या बाजूला संत्रा ओढून तोडत नाहीत, कातरीनं देठ कापतात, जेणेकरून बुडखा आणि त्याखालची हिरवी चांदणीसारखी चकती फळाला राहावी. इंग्रजीत त्या चकतीला बटन असंच म्हणतात. ती हिरवी असेल तर माल ताजा. ओढून तोडलं की बटन सालीचा तुकडा घेऊन निघतं, तिथं भोक पडतं आणि त्या भोकातून सड आत शिरते. पेटीतला एक संत्रा असा असला की शेजारचेही जातात.

लाइटचं बटन यात धरायचं की नाही, हा आमचा वाद मात्र मिटला नाही. रात्री बाराला वीज येते तेव्हा विहिरीवर जाऊन स्टार्टरचं हिरवं बटन दाबतो, त्याचा एक फोटो माझ्याकडे आहे. काळोख, बॅटरीचा गोल उजेड, हिरव्यावर अंगठ्याचा चिखल. मतदान यंत्रावरचं निळं बटन राहून गेलं. आत फोन नेता येत नाही आणि ते बरंच आहे. काकाजींचा निवाडा: "ते दाबाचं बटन. हे लावाचं. त्याईचं गोत येगळं."

दिवाळीनंतर पऱ्हाटीत गेलो. फुटलेल्या बोंडांचे फोटो सगळेच काढतात, मला न फुटलेली हवी होती. हिरवं घट्ट बोंड, बुडाशी दातेरी झालरीचा घेर, हे बटन म्हणून काकाजींनाही चाललं असतं. एक हातात घेऊन फिरवलं तर मागच्या बाजूला भोक होतं. इतकं गोल, की फायलीला भोक पाडायच्या यंत्रानं पाडल्यासारखं, फक्त खूप बारीक. ज्वारीचा दाणाही शिरला नसता. गुलाबी बोंडअळी आत सरकी खाऊन मोठी होते आणि बाहेर पडताना असं भोक पाडून जाते. तिची सुरुवात फुलातच दिसते. पाकळ्या गुलाबकळीसारख्या मिटून राहतात, त्याला डोमकळी म्हणतात. पण डोमकळी वेचायला माणूस लागतो आणि ऐन हंगामात माणूस मिळत नाही. २०१७ ला तर विदर्भात हजारो वावरं अशीच गेली. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत डागाळलेली, घट्ट, न फुललेली कवडी. त्या वर्षी आमच्या अंगणात कवडीचा ढीग पडला होता आणि बाबा त्याच्याकडे पाठ करून बसायचे.

पाण्याचा थेंब त्या दिवशी पहिल्याच खेपेला टिकला. भोकाच्या काठावरची किंचित तपकिरी कड, आतला अंधार, काठाला अडकलेला एक कापसाचा तंतू, सगळं स्वच्छ आलं. इतका नेमका फोटो माझ्याकडून परत निघाला नाही. घरी कुणाला दाखवला नाही. काकाजींना दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले.

"हे काज हाय," ते म्हणाले. "बटन पळालं."

घरी आजीचा एक डबा आहे, पत्र्याचा, पेढ्यांचा. त्यात कुठल्या कुठल्या कपड्यांची बटनं आहेत, आणि तळाशी आजोबांच्या चांदीच्या चार गुंड्या, बारीक साखळीनं एकमेकींना जोडलेल्या. असल्या गुंड्या कापडाला शिवत नाहीत. सदऱ्याच्या दोन्ही पट्ट्यांना काजं असतात, गुंडी दोन्हींतून ओवायची, धुवायच्या वेळी काढून ठेवायची. आजोबांनी त्या लग्नात घातल्या, नंतर पोळ्याला आणि कुणाच्या वऱ्हाडात. सदरा कधीच विरून गेला. आज दोन्हीकडे काज असलेला सदरा गावात कुणाकडेच नाही, म्हणजे काकाजींच्या हिशेबानं या चार गुंड्या घराविना बसल्या आहेत. मी त्यांचे खूप फोटो काढले होते. आता डबाच उचलून लिंबाखाली नेला.

काकाजींनी साखळी तळहातावर घेतली, वजन केल्यासारखी वर-खाली केली. "हातानं करा लागन काजं," म्हणाले. खादीचं कापड मी नेलंच होतं. माप घेतलं, पट्ट्या कापल्या, बारीक पात्यानं पहिली चीर दिली. आणि मग अडलं. काजाच्या टाक्याला सुई बारीक लागते, आणि त्या सुईचं नेढं त्यांना दिसेना. दोरा ओला केला, पिळला, चष्मा काढला, घातला. मी म्हटलं, द्या इकडे, मी ओवतो. नाही म्हणाले.

"तुया फोनमंदी मोठं दिसते ना? धर बरं इकडे."

मी थेंब ठेवायला गेलो, तो ओघळला. मग तसंच दोन बोटांनी पडदा ताणून मोठं केलं आणि फोन सुईसमोर आडवा धरला. पडद्यावर नेढं करंगळीएवढं दिसत होतं, मागे लिंबाची पानं धूसर हिरवी. काकाजी सुईकडे न पाहता पडद्याकडे पाहत दोरा पुढे आणू लागले. दोराही तिथं सुतळीएवढा. डावीकडे हुकला, उजवीकडे हुकला. तिसऱ्यांदा टोक बरोबर काठावर येऊन थांबलं. माझा अंगठा पांढऱ्या गोलावर गेलाच होता.

"हालू नको," ते म्हणाले.