जाग्या झालेल्या काड्या

४ मे, सेंट पॉल (मिनेसोटा, अमेरिका)

दुकानाच्या मागच्या भागात, बर्फावर टाकायच्या मिठाच्या उरलेल्या पोत्यांशेजारी, फळझाडं निम्म्या किमतीला लावलीत. कुंडी नाही, पान नाही. मुळांभोवती ओलसर भुसा, त्यावर प्लास्टिक आणि वर डोकावणारी एक काडी. मार्चमध्ये ती पूर्ण किमतीला होती, पण तेव्हा बाहेर कुदळ चालत नव्हती, मग घेणार कोण? आता माती मोकळी झाली, तर दुकानाच्या उबेत झाडं पिशवीतच जागी व्हायला लागली. स्वस्त झालीत ती त्यामुळे.

बराच वेळ निवडत बसले. पिशवी हलकी लागली की भुसा वाळलेला, ती परत. दुकानदाराची पाठ वळल्यावर नखाने साल जराशी खरवडली. खाली हिरवं दिसलं तर ठीक. बोटभर पांढुरके कोंब आलेल्या काड्या मात्र मोह टाळून ठेवून दिल्या. लोक नेमक्या त्याच उचलत होते, जिवंत दिसतात म्हणून. अंधारात आलेला तो कोंब काडीतली साठवण खाऊन वाढलेला असतो, आणि पहिल्याच कडक उन्हात करपतो. ज्यांचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या गाठी, नुसते फुगलेत अशाच काड्या मी घेतल्या: रास्पबेरी, दोन वेगळ्या जातींच्या हनीबेरी (निळ्या बोरीसारख्या फळाचं झुडूप; एकाच जातीला फळ जेमतेम धरतं) आणि द्राक्षाच्या दोन वेली. सफरचंद नाही घेतलं. खुंट, म्हणजे ज्या मुळावर कलम बांधतात तो, कोणता ते लेबलवर नव्हतं, आणि इथल्या हिवाळ्यात कलमाइतकाच खुंटही टिकावा लागतो.

द्राक्ष फ्रॉन्टेनॅक, मिनेसोटा विद्यापीठाने १९९६ साली दिलेली जात. झोपेत असताना उणे ३० अंश सेल्सिअसही सोसते. चवीला आंबट, जेली करा नाहीतर वाइन. निफाडकर त्याला द्राक्ष म्हणायला तयार होणार नाहीत.

५ मे

हनीबेरी आणि रास्पबेरी लावून टाकल्या. हनीबेरीची उमललेली फुलंसुद्धा उणे ७ पर्यंत तग धरतात, तिची काळजी नाही. द्राक्षाचं तसं नाही. तीच वेल, पण डोळा फुटून कोवळी फूट बाहेर आली की उणे दोनलाच काळी पडते. इथे मेच्या मध्यापर्यंत एखादी रात्र दगा देते. म्हणून वेली पिशवीसकट फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात गेल्या, आणि सफरचंदं बाहेर आली, कारण त्यांच्यातून निघणारा इथिलीन वायू डोळ्यांना बाधतो. घरात यावरून थोडी कुरकुर झाली.

रात्री निफाडला, द्राक्षबाग असलेल्या काकांना फोन केला. निफाडचा पारा दोन-तीन अंशांवर आला की पेपरात बातमी आणि बागेत शेकोट्या. तरी वेलीला गाढ झोप लागेल एवढी थंडी तिथे पडतच नाही. म्हणून ऑक्टोबर छाटणी झाली की लगेच डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड या झोप मोडणाऱ्या औषधाची पेस्ट, नाहीतर फूट मागेपुढे होते. औषध जहाल. ते लावणाऱ्यांना त्या दिवसांत दारूला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद असायची. आयुष्यभर पैसे घालून वेल उठवत आलेल्या माणसाला मी सांगत होते की माझी उठू नये म्हणून फ्रीजमध्ये ठेवलीय.

“अगं, मग ती उठायची कधी?”

“मी म्हणेन तेव्हा.”

“वेल कुणाचं ऐकत नाही,” म्हणाले.

१८ मे

हवामानखात्याच्या अंदाजात पुढे थंड रात्र नाही. सकाळी मुळं काही तास पाण्यात ठेवली, मोडकी छाटली, खड्ड्यात पसरून लावली. खत नाही, नव्या मुळांना आधी माती धरू दे. काडीवर दोनच डोळे ठेवून वरचं कापलं. पैसे मोजून आणलेली काडी कापताना हात थबकतोच, पण व्हिडिओ कॉलवर काकाही हेच म्हणाले, दोन डोळे पुरे. द्राक्षाच्या एका डोळ्यात खरं तर तीन असतात. पहिला गारठला तरी दुसरा फुटतो. फळ कमी देतो, पण वेल वाचते. सशांपासून वाचवायला भोवती तारेची जाळी लावली. इथले ससे हिवाळ्यात बर्फावर उभे राहून साल कुरतडतात, म्हणून जाळी माझ्या कमरेपर्यंत.

काकांनी शेवटी किंमत विचारलीच. सहा डॉलरला एक, म्हटल्यावर त्यांनी मनात रुपये केले.

“काडीला पाचशे? छाटणीला ये, आमच्या थॉमसन द्राक्षाच्या काड्या ट्रॉलीभर ने.”

त्या इथल्या पहिल्याच जानेवारीत मरतील, म्हटलं.

“मग खा तुझं आंबट,” म्हणाले आणि फोन काकूकडे दिला.